जुन्या संगणकाची हार्ड डिस्क डिफ्रॅग करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मिरजेत जुने संगणक दुरुस्त करतो. गिऱ्हाईक बहुतेक डीटीपीवाले आणि छापखानेवाले. त्यांच्याकडे पेंटियम फोरवर आजही विंडोज एक्सपी चालते, आणि त्यात गंमत वाटण्यासारखं काही नाही. पेजमेकर (पानं जुळवायचा प्रोग्राम), श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती, मागच्या पॅरलल पोर्टला लावलेला डोंगल (म्हणजे लायसन्सची किल्ली) आणि जुन्या फॉन्टमध्ये अडकलेला पंधरा-वीस वर्षांचा मजकूर, असा तो संसार असतो. हे सगळं युनिकोडमध्ये न्यायचं म्हणजे एकेक जोडाक्षर तपासत बसायचं. म्हणून मशीन बदलत नाही, ते फक्त हळू होतं, आणि मग सीपीयू (म्हणजे तो डबा, आपण सगळे त्यालाच सीपीयू म्हणतो) काखेत मारून लोक येतात: "जरा डिफ्रॅग मारून द्या." त्या वेळी होणारे प्रश्न आणि मी देतो ती उत्तरं खाली आहेत.

डिफ्रॅग म्हणजे नेमकं काय?

शेतकरी घरातला माणूस असला की मी सातबाऱ्यावरून सांगतो. एका खातेदाराची चार एकर जमीन आहे, पण एक एकर ओढ्याकडे, अर्धा एकर माळावर, बाकीची गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. दप्तर चोख आहे, गुंठाभरही हरवलेला नाही. तरी पेरणीच्या दिवसांत निम्मा वेळ या तुकड्यावरून त्या तुकड्यावर जाण्यातच जातो. १९४७ साली आपल्याकडे तुकडेबंदीचा आणि एकत्रीकरणाचा कायदा आला, गट पाडले गेले, ते याच दुखण्यावर. डिफ्रॅग म्हणजे हार्ड डिस्कवरचं एकत्रीकरण.

डिस्कवरची जागा क्लस्टर नावाच्या छोट्या वाफ्यांमध्ये वाटलेली असते. एनटीएफएस आणि फॅट या विंडोजच्या डिस्कवर फाइली मांडायच्या दोन पद्धती, फॅट ही जुनी. एक्सपीच्या एनटीएफएस डिस्कवर एक क्लस्टर बहुधा ४ केबीचा. म्हणजे ४ एमबीच्या फाइलला १,०२४ क्लस्टर लागतात. ते ओळीने एकापुढे एक असले तर फाइल सलग आहे, आणि विखुरलेले असले तर तिचे तुकडे झालेत असं म्हणायचं. कुठला क्लस्टर कुणाचा ही नोंद फॅट डिस्कवर फॅटच्या तक्त्यात आणि एनटीएफएसवर एमएफटी या फाइलमध्ये असते. तेच तलाठ्याचं दप्तर. डिफ्रॅग करणारा प्रोग्राम वाफे हलवतो आणि दप्तरातली नोंद दुरुस्त करतो. फाइलच्या आतला मजकूर तसाच राहतो, कान्याचाही फरक पडत नाही.

पण मुळात तुकडे होतात कसे? मी तर काहीच केलं नाही.

केलं ना! सेव्ह केलं.

सोमवारी तुम्ही एक लग्नपत्रिका जुळवली. फाइल दीड एमबीची झाली, डिस्कवर एका ओळीत बसली. तिच्यामागे लगेच दहाव्याचं कार्ड आलं, मग एका मंडळाचं पावतीपुस्तक. मंगळवारी मुलाचे वडील परत हजर: आत्याच्या यजमानांचं नाव राहिलं, आणि निमंत्रकांत धाकट्या काकांना घ्यायचंय. तुम्ही नावं घातली, कंट्रोल-एस मारलं. फाइल वाढली, पण तिच्या शेजारच्या वाफ्यात आता दहाव्याचं कार्ड बसलंय. मग वाढीव भाग विंडोज दुसरीकडे, जिथे मोकळं दिसेल तिथे नेऊन ठेवते. झाला एक तुकडा. बुधवारी मुहूर्ताची वेळ बदलली, दुसरा तुकडा. गुरुवारी कार्यालय बदललं.

पेजमेकरमध्ये यात आणखी एक भर पडते. त्याचं साधं सेव्ह जुना भाग पुसण्याऐवजी बदल शेवटी चिकटवत जातं, म्हणून चार ओळी कमी केल्या तरी फाइल फुगतेच. प्रेफरन्सेसमध्ये सेव्हचे दोन पर्याय असतात, 'फास्टर' आणि 'स्मॉलर'. दुसरा निवडा, किंवा काम संपल्यावर एकदा 'सेव्ह ॲज' करून त्याच नावाने सेव्ह करा. फाइल झटक्यात बारीक होते. माझ्या मते डीटीपीवाल्याला डिफ्रॅगपेक्षा ही एक सवय जास्त उपयोगी आहे.

डिस्क भरत आली की हा प्रकार वेगाने वाढतो, कारण मोकळी जागा स्वतःच तुकड्यातुकड्यांत उरलेली असते. २ एमबीची नवीकोरी फाइलसुद्धा मग पहिल्याच सेव्हला वीस ठिकाणी विखुरते.

तुकडे झाले म्हणून इतका काय फरक पडतो?

आकड्यांत बघू. जुन्या डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवा असलेला भाग हेडखाली (तबकडीवरचं वाचणारं टोक) यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. त्याआधी हेडला योग्य पट्ट्यावर जायला ९ मिलिसेकंद धरा. एका उडीला १३ मिलिसेकंद गेले, आणि अजून एक अक्षर वाचलेलं नाही.

आता ४ एमबीची फाइल घ्या. डिस्क सेकंदाला ४० एमबी वाचत असेल तर सलग फाइल सेकंदाच्या दहाव्या भागात येते. तिचेच ३०० तुकडे असतील तर उड्यांमध्येच ३०० गुणिले १३, म्हणजे जवळपास ४ सेकंद. तुकडे शेजारी-शेजारी असले तर वेळ कमी लागेल, पण कल्पना आली असेल. लॅपटॉपच्या ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कवर हाल आणखी जास्त.

आणि हेच उलट बाजूने: ज्या फाइलचे दोन-तीनच तुकडे आहेत, ती जोडून तुम्हाला काहीही जाणवणार नाही. "शून्य टक्के झालंच पाहिजे" म्हणून तीन-तीनदा डिफ्रॅग मारणारे लोक मला माहीत आहेत. त्यांचं समाधान होतं, एवढंच.

सुरू करण्याआधी काय करायचं?

बॅकअप. मग डिस्कची तब्येत. मग साफसफाई, मग चेकडिस्क (डिस्कवरच्या नोंदी तपासणारं विंडोजचं साधन), आणि डिफ्रॅग सगळ्यात शेवटी. हा क्रम मी ठोकर खाऊन शिकलो.

धंद्याच्या सुरुवातीची गोष्ट. दिवाळीच्या तोंडावर एका छापखान्याचं मशीन आलं. एक्सपी, ४० जीबीची डिस्क, फाइल उघडायला मिनिट-मिनिट लागत होतं. मधूनच डब्यातून टिक... टिक... असा आवाज यायचा, नखाने पत्र्यावर टिचकी मारावी तसा. मला वाटलं तुकडे फार झालेत, हेड पळतंय. संध्याकाळी डिफ्रॅग लावलं, शटर ओढलं, घरी गेलो. सकाळी पडद्यावर काळ्यावर पांढरी ओळ: डिस्क सापडत नाही. डिस्क आधीच मरायला टेकलेली होती, आणि मी तिला रात्रभर प्रत्येक फाइल उचलून दुसरीकडे ठेवायला लावलं होतं. एका शाळेच्या स्मरणिकेची निम्मी पानं त्यात गेली. मालक एक शब्द वाकडा बोलले नाहीत, ते जास्त लागलं. ती पानं मी आणि त्यांचा मुलगा दोघांनी बसून प्रूफांवरून पुन्हा टाइप केली.

तेव्हापासून डिस्कला हात लावण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो चालवतो. फुकट आहे, त्याची जुनी आवृत्ती एक्सपीवर चालते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्मार्ट नावाच्या व्यवस्थेत ठेवत असते, ती हा प्रोग्राम वाचून दाखवतो. त्यात दोन ओळी बघायच्या. ०५ क्रमांकाची ओळ म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने बदली जागेवर हलवलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. सी५ ही ओळ म्हणजे संशयित, वाचता न येणारे आणि अजून निकाल न लागलेले सेक्टर. दोन्हींत शून्य असेल तर पुढे जा. सी५ मध्ये आकडा असेल, किंवा वरचा निळा चौकोन पिवळा झाला असेल, तर डिफ्रॅगचं नाव काढू नका. पहिल्यांदा डेटा बाहेर काढा. आणि सगळे आकडे चांगले असूनही टिकटिक ऐकू येत असेल, तर कानावर विश्वास ठेवा.

चेकडिस्क कशाला? तेही तासभर खातं.

दप्तरातच चूक असेल तर वाफे हलवणारा चुकीच्या जागी जाईल म्हणून. डिस्कवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, आणि वरचं 'चेक नाऊ' हे बटण. पहिल्या चौकटीत खूण केली की नोंदींच्या चुका दुरुस्त होतात. सी ड्राइव्हसाठी ते पुढच्या वेळी मशीन सुरू होताना चालतं. दुसरी चौकट पूर्ण पृष्ठभाग तपासते, तासभर खाते ती हीच. संशय असेल तरच ती घ्या. विंडोज ९८ वर हेच काम स्कॅनडिस्क करतो.

एक्सपीवर डिफ्रॅग कुठून लावायचं?

ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेल्या खात्यातून आत या. माय कॉम्प्युटर उघडा, सी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, 'डिफ्रॅगमेंट नाऊ'. जी खिडकी उघडेल तिच्यात दोन बटणं आहेत: 'ॲनालाइझ' आणि 'डिफ्रॅगमेंट'. आधी ॲनालाइझ दाबा. मिनिटभरात विंडोज स्वतःच सांगते की गरज आहे की नाही.

मग 'व्ह्यू रिपोर्ट' जरूर उघडा. खालच्या यादीत सगळ्यात जास्त तुकडे झालेल्या फाइली असतात, पुढे तुकड्यांची संख्या. ही यादी वाचणं हा माझा आवडता उद्योग. परवा एका मशीनवर पहिल्या पाचांत पेजमेकरची फाइल एकही नव्हती. होता तो ईमेलचा जुना साठा, दोन सिनेमे आणि अँटिव्हायरसच्या नोंदींची अजस्र फाइल. सिनेमे काढले, नोंदी पुसल्या, निम्मं काम डिफ्रॅगविनाच झालं.

"१५ टक्के जागा हवी" असं सांगतं. नाहीच आहे. चालेल का?

खिडकी इशारा देऊनही पुढे जाऊ देते, पण काम अर्धवट होतं. चार खोल्यांचं सामान लावायचं आणि पाय ठेवायला जागा नाही, अशी गत. ४० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ३७ जीबीच्या आसपास दिसते. त्याचे १५ टक्के म्हणजे साडेपाच जीबी.

एवढी जागा सहसा निघते. डिस्क क्लीनअप चालवा, रिसायकल बिन रिकामी करा. सिस्टम रिस्टोअर एक्सपीत डिस्कच्या १२ टक्क्यांपर्यंत जागा धरून बसू शकतं, ती मर्यादा खाली आणता येते. डेस्कटॉपवर हायबरनेशन कुणी वापरत नाही, पण चालू असेल तर त्याची फाइल रॅमएवढी मोठी असते; कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून बंद करा. आणि २००९ च्या निवडणुकीच्या पत्रकांच्या फाइली आता डीव्हीडीवर गेल्या तरी चालेल.

एक गोष्ट मात्र करू नका. विंडोजच्या फोल्डरमधलं 'प्रीफेच' पुसलं की मशीन पळतं, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. पुसू नका. प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणून एक्सपी तिथे टिपणं ठेवते, आणि सुरुवातीला लागणाऱ्या फाइली डिस्कवर जवळ-जवळ लावण्याचं काम साधारण दर तीन दिवसांनी, मशीन रिकामं असताना, त्याच टिपणांवरून करते.

लाल, निळे, हिरवे पट्टे कशाचे?

लाल म्हणजे तुकडे झालेल्या फाइली, निळा सलग फाइली, पांढरा मोकळी जागा, हिरवा न हलवता येणाऱ्या फाइली. हिरव्याला घाबरू नका. त्यात मुख्यतः पेजफाइल असते, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर जी जागा वापरते ती. ती चालू वापरात असल्यामुळे कुणी तिला हलवू शकत नाही.

मग पेजफाइलचे तुकडे झाले असतील तर?

सिसइंटर्नल्सचं (मायक्रोसॉफ्टचा फुकट साधनांचा संच) पेजडिफ्रॅग हे छोटं साधन खास एक्सपीच्या काळातलं आहे; ते मशीन सुरू होताना, पेजफाइल वापरात येण्याआधी तिला जोडतं. दुसरा मार्ग हाताने करायचा: पेजफाइल बंद करा, मशीन पुन्हा चालू करा, डिफ्रॅग करा, आणि मग पेजफाइल ठरावीक आकाराची करून परत द्या. कमाल आणि किमान आकार एकच ठेवला की ती पुढे वाढत नाही, आणि तुकडेही होत नाहीत. रॅम २५६ एमबी असेल तर हा हाताचा मार्ग टाळा. पेजफाइलशिवाय ते मशीन गुदमरतं.

किती वेळ लागतो? मध्ये काम करता येईल का?

डिस्क किती भरली आहे आणि किती विस्कटली आहे त्यावर. ४० जीबीच्या, नीट मोकळ्या डिस्कला तास-दीड तास. वर्षानुवर्षं हात न लागलेलीला पाच तासही लागलेले पाहिलेत. टक्केवारीवर जाऊ नका, ती कुठेतरी तिशीत रेंगाळते आणि मग उडी मारते.

एक्सपीवर काम करता येतं, पण करू नका. तुम्ही सेव्ह करणार, तो जोडणार, दोघंही एकाच हेडला इकडे-तिकडे ओढणार. जेवायला जाताना लावा. त्याआधी स्क्रीनसेव्हर, अँटिव्हायरसचं स्कॅनिंग आणि इंटरनेट बंद करा.

विंडोज ९८ वर दहा टक्क्यांपर्यंत जातं आणि पुन्हा शून्यावर येतं. मशीन बिघडलंय का?

नाही, तो त्याचा स्वभाव आहे. ९८ चं डिफ्रॅग चालू असताना दुसऱ्या कुणीही डिस्कवर काहीही लिहिलं, तर ते "ड्राइव्हमधला मजकूर बदलला" म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. स्क्रीनसेव्हर आला तरी पुरे. रात्री लावून सकाळी बघावं तर गाडी तीन टक्क्यांवर, हा अनुभव त्या पिढीतल्या प्रत्येकाने घेतलाय. मशीन सुरू होताना एफ८ दाबून सेफ मोडमध्ये जा आणि तिथून चालवा. सेफ मोडमध्ये फारसं काही चालूच नसतं, त्यामुळे काम एका दमात होतं.

मध्येच लाइट गेली तर?

भारनियमनाच्या वर्षांत हा पहिला प्रश्न असायचा. डिस्क एनटीएफएस असेल तर सहसा काही होत नाही. वाफ्यातला मजकूर आधी नव्या जागी लिहिला जातो, त्यानंतर दप्तरात जागा बदलते, आणि दप्तरातले बदल एनटीएफएस आपल्या रोजमेळात टिपून ठेवते. मध्येच वीज गेली तर एक तर जुनी नोंद खरी असते, नाही तर नवी.

फॅट ३२ वर, म्हणजे बहुतेक विंडोज ९८ मशीनवर, असा रोजमेळ नाही. तिथे नोंद अर्धवट राहू शकते. मग स्कॅनडिस्क बेवारस तुकडे गोळा करून 'फाइल०००० डॉट सीएचके' अशा नावांनी ठेवतो, आणि त्यातून तुमची पत्रिका ओळखून काढणं हे तुमचं नशीब.

यूपीएसवर भरवसा ठेवायचा तर त्याची बॅटरी आधी तपासा. छोटा ६०० व्हीएचा यूपीएस चांगल्या बॅटरीवर दहा-पंधरा मिनिटं देतो, दोन तास नाही. ती मिनिटं कशासाठी, तर 'स्टॉप' दाबून मशीन नीट बंद करण्यासाठी. स्टॉप दाबणं सुरक्षित आहे. पुढचं बटण दाबून धरणं नाही.

"काही फाइली डिफ्रॅग करता आल्या नाहीत" असं शेवटी येतं.

त्या फाइलीएवढी सलग मोकळी जागा सापडली नाही, किंवा ती फाइल कुणीतरी उघडून बसलंय. प्रोग्राम बंद करा, जागा करा, पुन्हा एकदा चालवा. पुन्हा तीच नावं आली तर सोडून द्या. एकच फाइल छळत असेल, समजा तीनशे पानांच्या ग्रंथाची, तर ती दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा, मूळ पुसा, परत आणा. बहुतेक वेळा ती आपोआप सलग बसते. सिसइंटर्नल्सचं कॉन्टिग हे साधनही एकेक फाइल जोडून देतं, पण त्यासाठी कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत टाइप करावं लागतं.

चुकून पुसलेली फाइल परत मिळवायची आहे. आधी डिफ्रॅग करू का?

अजिबात नको! पुसलेल्या फाइलचा मजकूर लगेच जात नाही, तिची जागा फक्त 'मोकळी' म्हणून नोंदली जाते. डिफ्रॅग नेमकं त्याच मोकळ्या जागेत दुसरं सामान आणून टाकतं. मशीन बंद करा, डिस्क काढा, दुसऱ्या मशीनला लावून फाइल शोधा. पार सगळं मिळाल्यावर डिफ्रॅगचा विचार.

डिफ्रॅगने जागा वाढते का? व्हायरस जातो का?

नाही. आणि नाही.

डी ड्राइव्ह, पोर्टेबल डिस्क, पेन ड्राइव्ह?

डी ड्राइव्हचं करा, तुमचं काम तिथेच तर सेव्ह होतं. फिरणारी पोर्टेबल डिस्क चालते, पण यूएसबीवरून वेळ फार जातो. तिच्यावर नुसता बॅकअप असेल तर कशाला? पेन ड्राइव्हचं कधीच नको. त्यात फिरणारं काहीच नसतं, फायदा शून्य, उलट त्याचे लिहिण्याचे मोजके फेरे वाया जातात.

श्रीलिपीचा डोंगल, लायसन्स यांना काही होईल का?

डोंगल पोर्टला लावलेला असतो, डिस्कशी त्याचा संबंध नाही. काळजी घ्यायची ती फार जुन्या, डॉसच्या काळातल्या प्रोग्रामची. त्यातले काही फ्लॉपीवरून लायसन्स डिस्कवर 'उतरवायचे' आणि ते ठरावीक जागेवर आहे का ते तपासायचे. जागा हलली की प्रोग्राम म्हणायचा, तुम्ही चोर. असं काही वापरात असेल तर आधी लायसन्स फ्लॉपीवर परत घ्या. फ्लॉपी वाचली जात नसेल तर त्या मशीनला हात न लावलेलाच बरा.

विंडोज ७ किंवा १० आहे. मला हे सगळं करावं लागेल का?

बहुधा नाही. व्हिस्टापासून हे काम वेळापत्रकावर गेलं. विंडोज ७ मध्ये ठरलेली वेळ बुधवारी पहाटे एकची असते. तेव्हा मशीन बंद असलं तर पुढे मोकळ्या वेळी उरकतं. विंडोज ८ पासून नाव 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' झालं. ६४ एमबीहून मोठे तुकडे ही नवी साधनं मुद्दाम जोडत नाहीत, कारण एवढा मोठा भाग सलग वाचल्यावर एका उडीचे १३ मिलिसेकंद कुणाच्या खिजगणतीत नसतात.

एसएसडी टाकली. तिचं डिफ्रॅग?

नको. एसएसडीत फिरणारी तबकडी नाही, हेड नाही, त्यामुळे उडी नाही. कुठलाही वाफा सारख्याच वेळात मिळतो. विंडोज ७ आणि पुढच्या आवृत्त्या एसएसडी ओळखून ट्रिम नावाचा निरोप पाठवतात, कुठली जागा आता रिकामी आहे ते कळवणारा. एक्सपी तो निरोप पाठवत नाही, आणि समोर एसएसडी आहे हे तिला कळतही नाही. म्हणून कन्व्हर्टर लावून जुन्या आयडीई (पट्टीसारख्या केबलने डिस्क जोडायची जुनी पद्धत) मशीनला एसएसडी जोडली असेल तर एक्सपीतलं 'डिफ्रॅगमेंट नाऊ' बटण विसरा. तरीही खर्च करायचाच असेल तर मी एसएसडीचाच सुचवतो, वर्षातून चारदा डिफ्रॅग मारण्यापेक्षा बरा.

डिफ्रॅग झालं. मशीन तसंच आहे.

मग दुखणं दुसरीकडे आहे. माझ्याकडे आलेल्या हळू मशीनपैकी बरीचशी याच गटातली. रॅम ५१२ एमबी आणि वर आजचा अँटिव्हायरस, हे पहिलं कारण. घड्याळाशेजारी ओळीने बसलेली पंधरा चिन्हं, हे दुसरं.

तिसरं फार कमी लोक बघतात. आयडीई डिस्क वाचताना एकूण सहा वेळा चूक झाली की एक्सपी डेटा आणण्याच्या जलद डीएमए पद्धतीचा वेग पायरीपायरीने कमी करते, चुका होतच राहिल्या तर शेवटी जुन्या, संथ पीआयओ पद्धतीवर उतरवते, आणि आपणहून परत वर चढवत नाही. मग साधी फाइल कॉपी करतानाही माउस अडखळतो, गाणं तुटक वाजतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई कंट्रोलरखाली 'प्रायमरी आयडीई चॅनल' उघडा, 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज' मध्ये चालू मोड बघा. तिथे 'पीआयओ' दिसलं तर डबा उघडून डिस्कची पट्टीसारखी केबल बदला, मग तो चॅनल अनइन्स्टॉल करून मशीन पुन्हा चालू करा. विंडोज त्याला नव्याने ओळखते आणि डीएमए परत येतं. मागच्या पावसाळ्यात एका मशीनवर मी आधी दोन तास डिफ्रॅग लावून बसलो होतो. खरा इलाज त्या केबलमध्ये होता, तीही माझ्याच खणात पडलेली जुनी.

ते रंगीत चौकोन इकडून तिकडे जाताना बघायला फार छान वाटायचं. आता कुठे बघायला मिळतील?

हा प्रश्न दर महिन्याला एकदा तरी येतो, आणि विचारणारा चाळिशीच्या पुढचा असतो. ते चौकोन १९९३ साली एमएस-डॉस ६ बरोबर आपल्याकडे पोचले. तो डिफ्रॅग मायक्रोसॉफ्टने सिमँटेककडून घेतलेला होता. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये 'शो डिटेल्स' दाबलं की पडदाभर दिसायचे. एक्सपीत त्यांचे पट्टे झाले, व्हिस्टात तेही गेले. डिफ्रॅगलर नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये चौकोन अजून आहेत, आणि कुठल्याही चौकोनावर क्लिक केलं की त्यात कुठली फाइल आहे तेही दिसतं. फिरणाऱ्या डिस्कवर खुशाल चालवा. माझ्या दुकानात डिफ्रॅग लावलेला असला की वाट बघणारं गिऱ्हाईक मोबाइल खिशात ठेवून त्याच पडद्याकडे बघत बसतं. चहा मी मागवतो.